वेलांटीकाकांचं वीजबिल

वीज कंपनीची नोटीस आली तेव्हा वेलांटीकाकांनी सगळ्यात आधी खिशातलं लाल पेन काढलं. नोटिशीत लिहिलं होतं, "पंधरा दिवसांत थकबाकी न भरल्यास आपला विजपुरवठा खंडीत करण्यात येईल." काकांनी 'वीज'ची वेलांटी दुसरी केली, 'खंडित'ची पहिली केली, समासात दोन बारीक खुणा केल्या, आणि मग त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. पेन हातात तसंच राहिलं.

अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचं असंच होतं. तो आधी अक्षर बघतो, मग शब्द, आणि अर्थापर्यंत पोचायला त्याला जरा उशीर होतो. अख्खी इमारत त्यांना वेलांटीकाका म्हणायची, कारण जिन्यातल्या 'पाणि जपून वापरा' या पाटीपासून दूधवाल्याच्या चिठ्ठीपर्यंत त्यांच्या तावडीतून काही सुटलं नव्हतं.

आतल्या खोलीत मशीन चालू होतं. घुर्र, फुस्स. घुर्र, फुस्स. काकूंची फुप्फुसं थकली होती. दिवसाचे सोळा तास या मशीनची नळी नाकाला लावायची, म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन गोळा करून देतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मशीन मुलीने घेऊन दिलं. विजेचं तिला सुचलं नाही आणि काकांनी सुचवलं नाही. तिच्याच घराचे हप्ते तिला जड झाले होते. बिल मात्र तिप्पट झालं. पहिलं काकांनी शिलकीतून भरलं, पुढची दोन तशीच राहिली.

वीज गेलीच तर हाताशी एक छोटा सिलिंडर होता. तो चाळीस मिनिटं पुरायचा. पुढचं गणित काकांनी मांडलं नाही. नोटीस त्यांनी जाडजूड शब्दकोशात, 'न'च्या पानांत सरकवून दिली. या घरात काही लपवायचं तर शब्दकोशासारखी जागा नाही, असा त्यांचा फार जुना समज होता.

"कुणाचं पत्र?" काकूंनी आतून विचारलं.

"जाहिरात आहे."

"जाहिरात वाचायला एवढा वेळ?"

"छपाई फार गचाळ आहे."

उपाय सांगितला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. "काका, घरात असं मशीन असलं की वीजबिलाला मदत मिळते. कंपनीच्या ऑफिसात अर्ज द्या. अर्ज मंजूर झाला की लाईन तोडत नाहीत."

काका खुलले, पण 'मदत' हा शब्द काही त्यांना गिळता येईना. घरी येईपर्यंत त्यांनी त्याला पर्याय शोधले. 'सवलत' म्हणजे दुकानात असते ती. 'साहाय्य' म्हणजे पूरग्रस्तांना. शेवटी 'प्रतिपूर्ती' हा शब्द त्यांना पसंत पडला. त्यात कसं, कंपनीच आपलं काही देणं लागते असा भाव होता. प्रतिपूर्तीसाठी जायला माणसाला लाज वाटायचं कारण नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फाईल काखोटीला मारून निघताना, जिन्यात वरच्या मजल्यावरचे मॅनेजर भेटले, तेव्हा काका म्हणाले, "वाचनालयात चाललोय."

मॅनेजर बँकेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण हुद्दा काही त्यांना सोडायला तयार नव्हता. ते फाईलकडे बघत नुसतं "असं का!" म्हणाले. बँकेत तीस वर्षं लोकांच्या फायली पाहिलेला माणूस, वाचनालयाची फाईल आणि मदतीच्या अर्जाची फाईल यांतला फरक त्याला लांबूनही कळतो.

ऑफिसात रांग लावून अर्ज मिळाला. नऊ पानांचा. तो भरून पुन्हा रांगेत उभं राहायचं होतं, आणि ती रांग तीन तासांची होती. तीन तास, नऊ पानं आणि खिशात लाल पेन. जे व्हायचं तेच झालं.

"हे काय केलंय?" खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करत विचारलं. अर्ज गोवर आल्यासारखा दिसत होता.

"एकतीस चुका होत्या," काका नम्रपणे म्हणाले. "माहीती, तपशिल, कौटूंबिक. शुद्धलेखनाचं एक वेळ सोडा, पण चौथ्या पानावर बघा. 'अर्जदाराचे निधन झाल्यास अर्जदाराने तसे त्वरित स्वतः कळवावे.' हे कसं जमायचं?"

"तुमचं निधन झालंय का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय करायचंय? खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. नवीन घ्या."

"ही खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. बरं, द्या नवीन."

"संपलेत. सोमवारी येतील."

सोमवारपर्यंत पंधरातले सहा दिवस गेले होते. काका पेन घरी ठेवून गेले. तिथल्या दोरीला बांधलेल्या निळ्या पेनाने त्यांनी सगळे रकाने भरले आणि चुका दिसू नयेत म्हणून चष्मा कपाळावर ठेवून रांगेत उभे राहिले. त्यामुळे एकदा ते चुकून नळजोडणीच्या रांगेतही गेले, पण ते असो.

कारकुनाने बिल एका हातात घेतलं, ओळखपत्र दुसऱ्या हातात. नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बिलावर तुमच्या नावात दुसरी वेलांटी आहे. ओळखपत्रावर पहिली."

आता ही जखम कुणाला सांगायची? सत्तावीस वर्षं काकांचं नाव बिलावर चुकीचं येत होतं. पहिली वेलांटी! त्यांनी कंपनीला सतरा पत्रं लिहिली. अखेर गेल्या वर्षी कंपनी शरण आली आणि नाव शुद्ध झालं. ओळखपत्राचं खातं मात्र वेगळं. त्या खात्याशी अजून चौथ्याच पत्राची लढाई चालू होती. म्हणजे एका कागदावर काका जिंकले होते आणि दुसऱ्यावर अजून झुंजत होते.

"बिलावरचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ओळखपत्रावरचं अशुद्ध आहे."

"शुद्ध-अशुद्ध मला कळत नाही. कागदावर तुम्ही दोन इसम आहात."

"अहो, मी एकटाच उभा आहे तुमच्यासमोर!"

"मग तसं प्रतिज्ञापत्र आणा नोटरीकडून. पुढचे कोण?"

नोटरी ऑफिसच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल भाड्याने घेऊन बसायचा. त्याच्याकडे मजकूर तयारच होता. "मी शपथपूर्वक लिहून देतो, की माझ्या नावातील वेलांटी पहिली असो वा दुसरी, त्याने कोणताही फरक पडत नाही."

काकांनी ते तीनदा वाचलं.

"हे मी कसं लिहून देऊ?"

"लिहून मी दिलंय. तुम्ही सही करायची."

"फरक पडतो हो. सगळा फरकच तिथे आहे. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे..."

"दीन म्हणजे?" नोटरीने शिक्का हातात धरून विचारलं.

"गरीब," काका म्हणाले. घड्याळात पावणेपाच वाजले होते. खिडकी पाचला बंद व्हायची. त्यांनी सही केली, लगबगीने जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. पोचेवर लिहिलं होतं: घरी तपासणी होईल. तारीख पाहिली, तर नोटिशीचा बरोबर पंधरावा दिवस.

घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

"आज सकाळपासून ढग आहेत." मशीन दोनदा घुरघुरलं. मग काकू म्हणाल्या, "शब्दकोश पुसायला घेतला होता मी. निदान 'ज'मध्ये तरी ठेवायची होतीत. जाहिरात म्हणाला होतात ना?"

काका वळले नाहीत.

"अहो, माझ्या श्वासाचं बिल आहे ते. मला कळायला नको?" काकूंना एका दमात एवढंच बोलता यायचं. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी मशीन कमी वेळ लावते. दहा तास पुरे."

"सोळा म्हणजे सोळा," काका उठून बसले. "त्यात एक मिनिट कमी केलंस तर बघ."

त्या संध्याकाळपर्यंत ही बातमी समोरच्या दारातल्या शिवणताईंना कळली होती, कारण काकू त्यांना सगळंच सांगायच्या. आणि शिवणताईंकडे कपडे टाकायला अख्खी इमारत यायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजर न बोलावता आले आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे राहून चहूकडे बघू लागले.

"काका, तपासणीला माणूस येतो तेव्हा आपण बोलायचं नसतं, घर बोलतं. तुमचं घर काय बोलतंय? टीव्ही आहे. फ्रीज आहे. हा एवढा मोठा सोफा आहे. मी तीस वर्षं अर्ज नाकारलेत. नुसता सोफा बघून नाकारलेत."

"पण सोफा पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे."

"तसं तो सांगत नाही ना! हलवा सगळं."

काकांना हे पटलं नाही. पण एक तारीख, एक तपासणी आणि चाळीस मिनिटांचा सिलिंडर एवढंच डोक्यात घोळत असलं की माणूस न पटलेल्या गोष्टी फार लवकर करतो.

पंधराव्या दिवशी सकाळी टीव्ही मॅनेजरांकडे गेला. फ्रीज शिवणताईंकडे गेला, आतल्या दुधासकट. सोफा खाली जिन्याच्या वळणापर्यंत गेला आणि तिथे असा अडकला की वरही जाईना आणि खालीही येईना. मग मॅनेजरांनी एक फाटका शर्ट पुढे केला.

"हा घाला."

"मी फाटका शर्ट घालणार नाही," काका म्हणाले. आवाज असा होता, की मॅनेजर एक पाऊल मागे सरले.

"मग निदान इस्त्रीचा नको."

शेवटी काका स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टावर पाच मिनिटं बसले आणि मग तोच घातला.

काकूंनी लुटलेल्या खोलीवर नजर फिरवली. "जिथे पाहुण्यांना बसायला खुर्ची ठेवली नाहीत, तिथे मी बसायची नाही," एवढं बोलून त्या मशीनसह समोर शिवणताईंकडे निघून गेल्या. त्यांना थांबवायची हिंमत मॅनेजरांतही नव्हती.

अकराच्या ठोक्याला तपासणीबाई सोफा ओलांडून वर आल्या. मध्यम वयाच्या, दमलेल्या, हातात जाड पुठ्ठ्याची वही. रिकाम्या घरात त्यांचा आवाज घुमला.

"तुम्ही इथेच राहता ना?"

"हो."

"कधीपासून?"

"एकतीस वर्षं."

बाईंनी भिंतीवरचा टीव्हीच्या आकाराचा फिकट चौकोन पाहिला. फ्रीजच्या जागची धूळ पाहिली. मॅनेजर खोकले.

"साधी राहणी आहे," ते म्हणाले.

"मशीन कुठाय?"

"समोरच्या घरात."

"म्हणजे ते शेजाऱ्यांच्या मीटरवर चालतंय?" बाईंचं पेन वहीवर टेकलं. "मग तुमचं बिल कशाचं वाढलं? काका, नीट सांगा. मला हे असंच लिहावं लागेल."

काका तोंड उघडणार, एवढ्यात समोरून 'फट्' असा आवाज आला. पाठोपाठ शिवणताईंची किंकाळी आणि त्यामागून एक लांब, कर्कश शिट्टी. ती शिट्टी काकांच्या ओळखीची होती. वीज तुटली की मशीन तसं ओरडायचं.

दोन फ्रीज, शिवणताईंची इस्त्री आणि ऑक्सिजनचं मशीन. एवढा भार त्या घराच्या जुन्या फ्यूजने सकाळपासून सोसला होता, आणि आता तो जळाला होता.

इतक्या वर्षांत काका कधी धावले नव्हते. त्या दिवशी धावले. मशीन दोन्ही हातांनी उचललं, पाठीमागून शिवणताई काकूंना धरून आल्या, नळी पायात येऊन मॅनेजर पडता पडता वाचले. काकांनी पिन घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. घुर्र, फुस्स. काकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. हळूहळू त्यांचा रंग परत आला. तपासणीबाई त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या होत्या.

"यांनी घर रिकामं केलंय," काकू तुटक तुटक म्हणाल्या. "गरीब दिसावं म्हणून. टीव्ही आहे आमच्याकडे. फ्रीजही आहे. काय लिहायचंय ते लिहा."

बाईंनी वही उघडून काकांसमोर धरली. "काका, टीव्हीचा रकानाच नाहीये यात. फ्रीजचा नाही, सोफ्याचा तर नाहीच नाही. मशीनवाल्या अर्जाला दोनच प्रश्न आहेत. मशीन आहे का, आणि पेशंट आहे का."

काकांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर खिडकीबाहेर काहीतरी फार लक्षपूर्वक बघत होते.

आता सगळं मार्गी लागलं असं वाटतं ना? तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "हे धूड कुणाचं आहे मध्ये?" आणि खांद्यावर पिशवी, हातात पक्कड घेतलेला वायरमन दारात उभा राहिला.

"आज पंधरावा दिवस. लाईन तोडायची ऑर्डर आहे."

"यांचा अर्ज माझ्याकडे आहे," तपासणीबाई उठल्या. "मी आत्ताच तपासलाय. दोन-तीन दिवसांत मंजुरीचं पत्र निघेल."

"निघू द्या ना. पत्र आलं की जोडून देईन. आज तोडतो."

"पण तुम्ही दोघं एकाच कंपनीचे ना?" मॅनेजर कळवळून म्हणाले.

"त्या दुसऱ्या मजल्यावर बसतात," वायरमन म्हणाला. जणू दुसऱ्या देशात.

बाईंनी ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वायरमन खाली जाऊ लागला, कारण मीटरची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. काका त्याच्यामागे, बाई काकांमागे, मॅनेजर सगळ्यांमागे, असे सगळे एकेक करून सोफ्यावरून उतरले.

खोली अंधारी होती. वायरमनने बॅटरी लावून मीटरवरची नावं वाचली आणि काकांच्या मीटरवर हात ठेवला.

"थांबा," काका म्हणाले. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. नियम होता, अर्जाची पोच होती, 'प्रतिपूर्ती' हा शब्द होता. पण वर ते मशीन चालू होतं, आणि त्याचा आवाज इथपर्यंत येत नव्हता, एवढंच त्यांना जाणवलं. "तुम्ही ती तार काढलीत की आमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. समोरचा फ्यूज जळलाय. मला... मला मदत करा."

पक्कड थांबली. वायरमनने बॅटरी खाली केली.

"मीटरच्या खोलीला कुलूप असलं," तो सावकाश म्हणाला, "आणि किल्ली मिळाली नाही, तर तसा शेरा मारून मला परत जावं लागतं. पुढची फेरी चार दिवसांनी. खोलीला कुलूप आहे का?"

"नाही," काका म्हणाले.

"नीट आठवा. कुलूप आहे का?"

"अहो, तुम्ही आतच उभे आहात!"

मॅनेजरांना मात्र पहिल्याच वाक्याला कळलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सोफ्यावरून वर गेले आणि हातात मुठीएवढं कुलूप घेऊन सोफ्यावरून परत आले. वायरमन बाहेर आला. मॅनेजरांनी कडी लावली आणि कुलूप दाबून बंद केलं. तपासणीबाई या वेळेत छताच्या कोपऱ्यातली जळमटं मोजत होत्या.

"कुलूप आहे का?" वायरमनने तिसऱ्यांदा विचारलं.

"आहे," काका म्हणाले.

वायरमनने कागद गुडघ्यावर धरून लिहिलं, 'मिटर रुमला कुलुप.' काकांनी ते वाचलं. तीन शब्दांत तीन चुका होत्या. त्यांनी हात मागे बांधले. मग वायरमन वर गेला आणि "आलोच आहे तर" असं म्हणत शिवणताईंचा फ्यूज बांधून दिला. चहाला थांबला नाही.

मंजुरीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. तपासणीबाई ते स्वतः घेऊन आल्या. बिलाचा बराच भाग योजनेतून भरला जाणार होता, उरलेल्याचे सहा हप्ते, आणि मशीन घरात आहे तोवर दर महिन्याला सूट. काकूंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मग दुपारभर शांत झोपल्या.

संध्याकाळी मॅनेजर टीव्ही घेऊन आले. जागेवर ठेवला, वायरी जोडल्या, पुसला. तरी जाईनात.

"तो अर्ज," ते म्हणाले. "आणखी मिळतो का हो? माझ्या एका मित्राला हवा होता."

"मशीन आहे का त्यांच्याकडे?"

"मशीन नाही. पण असंच... राहिलंय जरा बिल."

"वय?"

"माझ्याएवढंच."

"घरात कोण असतं?"

"कोणी नाही आता."

काकांना दुसरं पान पाठ होतं. "सत्तरीच्या पुढचे आणि एकटे राहणारे त्यात बसतात. मित्राला सांगा, सकाळी आठला निघावं लागतं. मी येईन सोबत."

मॅनेजर गेल्यावर काकू म्हणाल्या, "दोन महिने झाले, संध्याकाळचा पेपर ते जिन्यातल्या दिव्याखाली वाचतात. तुम्हाला काय वाटलं, वाऱ्याला बसतात?"

काकांना तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मॅनेजर इमारतीच्या दारात उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, काखेत फाईल. एकटेच.

"मित्र?" काकांनी विचारलं.

"त्याला ऐनवेळी काम निघालं."

"चला मग."

रांगेत काकांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं: कुठलं पेन नीट उठतं, कुठल्या पानावर दोन सह्या लागतात, कोणती रांग नळजोडणीची आहे. मॅनेजर मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष दरवाजाकडे होतं. कुणी ओळखीचं येतंय का, म्हणून. साडेबाराला खिडकीपाशी नंबर लागला. कारकुनाने मान वर न करता दोघांपुढे हात पसरला.

"अर्जदार कोण?"

काका थोडे बाजूला सरकले. मागच्या माणसाने घसा खाकरला. मॅनेजरांनी फाईलची नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली.

"मी," ते म्हणाले, आणि अर्ज आत सरकवला.